एका पत्त्याचे दोन धनी

यंदांच्या वार्षिकासाठीं कांहीं शास्त्रीय विषयावर लिहावें, अशी संपादक-मंडळाची सूचना आली तेव्हां आमच्या मनांत प्रथम भरती-ओहोटी हा विषय आला होता. वरळीच्या मुलांस समुद्र म्हणजे घरचाच सोबती. परंतु लिहावयास बसलों आणि २०२१ सालीं आमच्या वर्गांत घडलेली एक गोष्ट पुढें येऊन उभी राहिली. दोन निरपराध मुलांवर आम्हीं लबाडीचा आळ घेतला होता, आणि आमचा साक्षीदार होता एक आंकडा. तो आंकडा काय, तो दोघांच्या नांवावर कसा लागला, आणि आम्हांस तें कसें उमगलें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावें, असें आम्हांस वाटतें. आज प्रत्येकाच्या हातांत मोबाईल फोन आहे. हा प्रसंग कोणावरहि येऊं शकेल.

वरळींत वाढलेल्या मुलास पत्ता म्हणजे काय तें शिकवावें लागत नाहीं. मुंबई सरकारनें १९२० सालीं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नांवाचें खातें काढलें, आणि त्या खात्यानें पुढील कांहीं वर्षांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें चाळी बांधल्या. त्याच आपल्या बी. डी. डी. चाळी. एकट्या वरळीच्या वांट्यास १२१ चाळी आल्या. तळमजला व वर तीन मजले, प्रत्येक चाळींत ८० खोल्या, आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. आतां कोणी पाकिटावर 'खोली नंबर १२, वरळी' एवढेंच लिहिलें तर पोस्टमननें काय करावें? बारा नंबरची खोली प्रत्येक चाळींत आहे. तरीहि पत्रें पोंचत आलीं, कारण पोस्टमन आधीं चाळीचा नंबर पाहतो व मग खोलीचा. शंभर चाळींत शंभर बारा नंबर असले तर बिघडत नाहीं. एकाच चाळींत दोन दारांवर बारा रंगविला तर मात्र एकाचें पत्र दुसऱ्याच्या हातीं पडावयाचें. (त्या चाळी पाडून तेथें आतां उंच इमारती उठत आहेत. २०२५ च्या ऑगस्टांत पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांचीं पत्रें कांहीं दिवस जुन्या दाराशीं गेलीं असल्यास नवल नाहीं.)

इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्रास असाच एक पत्ता लागतो. त्यास आय्. पी. पत्ता म्हणतात. १९८१ सालीं ठरलेल्या पद्धतीप्रमाणें तो चार आंकड्यांचा असतो, आणि प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंत कोणताहि असूं शकतो. गणित करून पाहा: २५६ चार वेळां एकमेकांशीं गुणले म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ होतात. ज्या वेळीं हा हिशेब झाला त्या वेळीं ही संख्या अफाट वाटली असेल. आपल्या देशांत सामान्य माणसास इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमामार्फत. आणि पुढें सोळा वर्षेंहि पुरतीं झालीं नाहींत तोंच, ३ फेब्रुवारी २०११ रोजीं, जगाच्या मध्यवर्ती कोठारांतील पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून संपले.

टंचाई येणार हें ओळखून जाणत्यांनीं १९९६ सालीं एक तोड काढली होती. कांहीं पत्ते कोणा एकाच्या मालकीचे न ठेवतां सर्वांस घरगुती वापरासाठीं मोकळे केले. १० नें सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ नें सुरू होणारे. तुमच्या घरच्या राऊटरनें तुमच्या फोनास १९२.१६८.१.५ असा पत्ता दिला असेल. समोरच्या बिऱ्हाडांतहि त्याच पत्त्याचा एक फोन असेल. आणि नाशकास तुमच्या मामांकडेहि असेल. हे चाळींतले खोली नंबर होत. बाहेरच्या जगास राऊटर स्वतःचा एकच सार्वजनिक पत्ता सांगतो व आलेलें उत्तर ज्याचें त्यास पोंचवितो.

घरांतल्या घरांत हे नंबर वाटण्याचें काम राऊटरच करतो. तो पत्ता कायमचा देत नाहीं, मुदतीनें देतो, व कोणास काय दिलें याची टिपणी ठेवतो. टिपणी पुसली गेली म्हणजे घोटाळ्यास जागा होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं मुंबईची वीज गेली होती, तें मोठ्या मुलांस आठवत असेल. असा प्रसंग आला कीं साधे राऊटर परत चालू होतांना पुष्कळदां मागील टिपणी विसरून जातात. कोपऱ्यांत झोपी गेलेला फोन आपला जुना पत्ता धरून असतो, आणि राऊटर तोच पत्ता दुसऱ्यास देऊन बसतो. कोणी छपाईयंत्रास हातानें कायमचा पत्ता लिहून दिला व तोच राऊटरच्या वाटपांतहि राहिला, तरी तेंच होतें. परंतु अशा ठिकाणीं एक संरक्षण असतें. नवा आलेला फोन पत्ता अंगावर घेण्यापूर्वीं साऱ्या जाळ्यास एक हांक मारूं शकतो: 'हा नंबर कोणाचा आहे काय?' कोणी 'माझा' म्हटलें तर तो पत्ता सोडून दुसरा मागतो. हांक मारण्याची मूळ रीत १९८२ ची, आणि ती पत्त्यांचा तंटा ओळखण्यासाठीं कशी वापरावी याचे नियम २००८ सालीं लिहिले गेले. चाळीच्या सामाईक गॅलरींत उभें राहून ओरडावें तशीच ही हांक आहे. गॅलरी आहे म्हणून ती ऐकूं जाते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां आमच्या हकीकतीकडे वळतों. २०२१ च्या ऑगस्टांत करोनाच्या सांथीमुळें मुंबईंतील शाळा बंदच होत्या. प्रयोगशाळेच्या कपाटाशेजारीं ठेवलेल्या एका संगणकावर आमचे धडे व चांचणी परीक्षा असत, आणि मुलें घरून फोनवर तीं उघडीत. त्या संगणकाचें दार साऱ्या जगास उघडें ठेवणें शहाणपणाचें नव्हतें, म्हणून एका माजी विद्यार्थ्यानें आम्हांस व्ही. पी. एन्. बसवून दिला होता. व्ही. पी. एन्. म्हणजे फोनापासून शाळेच्या संगणकापर्यंत इंटरनेटच्या पोटांतून काढलेला एक खासगी बोगदा. आंतून जाणारें सर्व बोलणें सांकेतिक लिपींत चालतें, आणि बोगद्यांत शिरणाऱ्या प्रत्येक फोनास शाळेकडून आणखी एक निराळा पत्ता मिळतो. आमच्या बोगद्याच्या रचनेचें नांव वायरगार्ड. प्रत्येक मुलास एकेक कागद दिला होता. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड छापलेला. फोननें तो पाहिला कीं त्या मुलाची गुप्त किल्ली व त्याचा ठरलेला पत्ता फोनांत जाऊन बसे.

नववीची गणिताची चांचणी झाली. दुसऱ्या दिवशीं संगणकाची नोंदवही चाळतांना आम्हांस दिसलें कीं दोन निरनिराळ्या हजेरी-क्रमांकांचीं उत्तरें एकाच पत्त्यावरून आलीं आहेत: १०.२०.०.७. इतकेंच नव्हे, तर तीं आळीपाळीनें आलीं होतीं. थोडा वेळ पहिल्या मुलाचीं, मग थोडा वेळ दुसऱ्याचीं, पुन्हां पहिल्याचीं. आमची खात्री झाली कीं एकच मुलगा एका फोनापुढें बसून दोघांचे पेपर लिहीत होता. आम्हीं दोघांच्याहि घरीं निरोप धाडला. एकाचे वडील तोंडास पट्टी बांधून शाळेच्या व्हरांड्यांत आले, आणि आम्हीं नोंदवही त्यांच्यापुढें धरली. ते क्षणभर गप्प राहून म्हणाले, "सर, माझा पोरगा ढ असेल, पण लबाड नाहीं." त्यावर आम्हीं त्यांस म्हटलें, "यंत्र खोटें सांगत नाहीं." हें उत्तर देतांना आम्हांस तें मोठें समर्पक वाटलें होतें. आज आठवलें म्हणजे कान तापतात.

त्या रविवारीं उपासनेंत आमचें लक्ष लागेना. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा आम्ही मुलांकडून दरवर्षीं पाठ करून घेतों. घरीं येऊन आम्हीं दोन्ही पेपर पुन्हां शेजारीं ठेवले. ज्या उदाहरणांत पहिला चुकला होता त्यांत दुसरा बरोबर होता, आणि दुसऱ्याच्या चुका त्याच्या स्वतःच्या होत्या. एकाच हाताचें काम असतें तर असें कां व्हावें? शिवाय नोंदवहींत एकच उत्तर दोन-दोन, तीन-तीन वेळां आलेलें होतें. पोंच मिळाली नाहीं म्हणून मूल पुन्हां पुन्हां बटण दाबतें, तेव्हां असें होतें. घाईंत दोन पेपर लिहिणाऱ्या लबाडास तेवढी सवड कोठून?

सोमवारीं सायंकाळीं त्या माजी विद्यार्थ्यास दूरध्वनि करून आम्हीं दोन्ही मुलांस आपापल्या घरीं बसून बोगदा चालू करावयास सांगितलें, आणि आम्ही शाळेच्या संगणकापुढें बसलों. वायरगार्डांत प्रत्येक किल्लीपुढें दोन गोष्टी पाहावयास मिळतात: तो फोन सध्यां बाहेरच्या कोणत्या पत्त्यावरून बोलत आहे, आणि त्यानें शेवटची ओळख केव्हां पटविली. पहिल्या मुलाच्या घरीं तारेचें इंटरनेट होतें, दुसरा मोबाईल कंपनीच्या इंटरनेटवर होता. आम्हांस दोन किल्ल्या चालू दिसावयास हव्या होत्या. दिसली एकच; आणि तिच्यापुढचा बाहेरचा पत्ता कधीं तारेच्या कंपनीचा होई, कधीं मोबाईल कंपनीचा. प्रत्येक बदलास आम्ही वहींत एक रेघ मारीत होतों; पान भरत आलें. मग एकास फोन बंद करण्यास सांगितलें. पत्ता तत्काळ स्थिर झाला, आणि दुसऱ्याचें पान झटकन् उघडलें. पहिल्यानें पुन्हां चालू केला, आणि रेघा पुन्हां सुरू झाल्या. दोन फोन, एकच किल्ली, एकच पत्ता.

असें कां होतें तें नीट समजून घेण्यासारखें आहे. ही रचना फिरत्या माणसासाठीं केलेली आहे. तुम्ही घरांतून निघून बसमध्यें बसलां कीं फोन वायफाय सोडून मोबाईल कंपनीच्या जाळ्यावर जातो व बाहेरचा पत्ता बदलतो. तरी बोगदा तुटूं नये, म्हणून शाळेचा संगणक असा नियम पाळतो कीं, या किल्लीनें मोहोर केलेलें शेवटचें खरें पत्र जेथून आलें तेथेंच तिचा धनी आहे असें समजावें व उत्तरें तिकडे धाडावीं. धनी एक आहे तोंवर हा नियम फारच सोयीचा. पण त्याच किल्लीची नक्कल दुसऱ्या फोनांत असली तर संगणकास दोन फोन दिसत नाहींत. त्याला वाटतें कीं एकच फोन वरळींत विलक्षण वेगानें इकडून तिकडे धांवत आहे. एका फोनानें नव्यानें ओळख पटविली कीं लिपीचा संकेतहि नवा होतो, आणि दुसऱ्यास आलेलीं उत्तरें वाचतां येत नाहींत. तो सुमारें १५ सेकंद वाट पाहतो, उत्तर नाहीं असें पाहून आपण नव्यानें ओळख पटवितो, आणि आतां पहिला मुका होतो. नोंदवहींतील ती आळीपाळी, जिला आम्ही लबाडीचा पुरावा समजलों, ती हीच.

आणि गॅलरींतली हांक? ती येथें उपयोगी पडली नाहीं. बोगद्यांत गॅलरी नसते. प्रत्येक फोन एकट्या शाळेच्या संगणकाशीं जोडलेला असतो. शेजारीं कोण आहे तें त्यास ऐकूं येत नाहीं, म्हणून 'हा पत्ता माझा आहे' असें म्हणणारा कोणी भेटत नाहीं. घरच्या वायफायवर पत्त्यांचा तंटा झाला तर पुष्कळ यंत्रें तशी सूचना पडद्यावर दाखवितात. येथें पडदा मुकाट असतो. फक्त पान उघडत नाहीं, आणि मूल इंटरनेटला दोष देतें.

किल्लीची नक्कल झाली कशी? दुसऱ्या मुलाचा कागद पावसांत भिजून कोड पुसला होता. परीक्षा सकाळीं, आणि विचारावें कोणास? त्याच्या मित्रानें आपल्या कागदाचा फोटो काढून त्यास पाठविला. "सर, त्याचा पेपर बुडाला असता," एवढेंच तो आम्हांस म्हणाला. 'एक कागद एकाच फोनासाठीं' असें आमच्या सूचनापत्रकांत कोठेंहि लिहिलेलें नव्हतें. तें पत्रक आम्हींच तयार केलें होतें.

बोगद्याच्या दुसऱ्याहि रचना आहेत, आणि त्यांत हा दोष निराळ्या रूपानें येतो. ओपनव्हीपीएन नांवाच्या रचनेंत एकाच प्रमाणपत्रानें दुसरा फोन शिरला तर साधारणपणें पहिल्यास बाहेर काढण्यांत येतें. दोघांनीं एकमेकांस सारखें हुसकावीत राहावें असा प्रकार होतो. नकला चालवून घेण्याची एक मुभा तींत आहे, आणि कंटाळलेला व्यवस्थापक ती देतो. परंतु त्या प्रमाणपत्रास कायमचा पत्ता बांधून दिलेला असला तर मग दोन फोनांस खरोखरीच एक पत्ता मिळतो. आमच्या मतें ही मुभा शाळेनें कधीं देऊं नये.

आणखी एक घोटाळा दिसावयास याच्यासारखाच, पण मूळ वेगळें. शाळेचें आंतलें जाळें १९२.१६८.१ या मालिकेंतलें, आणि मुलाच्या घरचेंहि तेंच. मूल बोगद्यांतून १९२.१६८.१.१० या शाळेच्या यंत्रास हांक मारतें, पण कित्येक फोन तो नंबर घरांतच शोधतात. शाळेच्या चाळींतली बारा नंबरची खोली हवी असतां मूल आपल्याच चाळींतल्या बारा नंबरचें दार ठोठावतें. याची खूण अशी कीं तोच फोन मोबाईल कंपनीच्या इंटरनेटवर नीट चालतो आणि घरच्या वायफायवर चालत नाहीं. येथें फोन पुन्हां चालू करून किंवा ॲप काढून घालून कांहीं होत नाहीं. शाळेनेंच आपल्या जाळ्यास एखादी अनवट मालिका द्यावी, १०.७७.३३ सारखी. आम्हीं त्या दिवाळींत तें केलें, आणि छपाईयंत्रानें दोन दिवस असहकार पुकारला.

उलट, एक पत्ता सर्वत्र सारखा दिसतो आणि तरी त्यांत कांहीं बिघडलेलें नसतें. ज्या मोबाईल जाळ्यांत केवळ नवी, लांब पत्त्यांची पद्धत चालते, तेथें अँड्रॉईड फोन जुन्या पद्धतीच्या कामासाठीं स्वतःपुरता १९२.०.०.४ हा पत्ता धारण करतो. दहा फोन घ्या, दहाहि तोच दाखवितील. तो पत्ता फोनाबाहेर जातच नाहीं. त्याचप्रमाणें १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ सालीं कंपन्यांच्या आंतल्या वाटपासाठीं राखून ठेवलेले आहेत, आणि अशा वाटपामागें असंख्य ग्राहक बाहेरच्या जगास एकाच सार्वजनिक पत्त्याचे दिसतात. पालकांनीं हें मुद्दाम लक्षांत ठेवावें. उद्यां एखाद्या संस्थेनें तुमच्या मुलास 'तुझ्या पत्त्यावरून अमुक झालें' असें म्हटलें, तर कोणता पत्ता, आंतला कीं बाहेरचा, कोणत्या दिवशीं व किती वाजून किती मिनिटांनीं, आणि त्या वेळीं तो आणखी कोणाकडे होता काय, हें विचारण्याचा तुम्हांस पूर्ण अधिकार आहे. आम्हांस तें कोणी विचारलें नाहीं; विचारतें तर बरें झालें असतें.

तुमच्या फोनावर बोगदा अडखळूं लागला तर एकदम सर्व पुसून टाकूं नये. प्रथम वेळ व पडद्यावर दिसणारा पत्ता कागदावर उतरून घ्यावा. मग वायफाय बंद करून मोबाईलच्या इंटरनेटवर पाहावें. त्यानें सुधारलें तर घरच्या मालिकेचा संशय घ्यावा. न सुधारलें, आणि बोगदा थोडा वेळ चालून थोडा वेळ मुका होत असेल, तर तुमचा कोड आणखी कोठें आहे काय तें आठवावें: भावाच्या फोनांत, जुन्या फोनांत, घरच्या संगणकांत. आईचा जुना फोन कपाटांत चालू राहून बोगदा धरून बसल्याचें आम्हीं पाहिलें आहे. एकेक बंद करून पाहावें; दोन गोष्टी एका वेळीं बदलूं नयेत, नाहींतर गुण कशानें आला तें कळत नाहीं. व्यवस्थापकानेंहि फोनाच्या अंगच्या खुणेवर विसंबून घरच्या किंवा शाळेच्या वायफायवर पत्ते राखून ठेवूं नयेत, कारण २०१९ च्या अँड्रॉईड १० पासून व २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायवर निराळीच खूण सांगतो.

त्या मंगळवारीं आम्ही दोन्ही मुलांच्या घरीं गेलों. सांथीचे दिवस, म्हणून दारांतच उभे राहिलों. जें सांगावयाचें तें सांगितलें, क्षमा मागितली. पहिल्याच्या वडिलांनीं गॅलरींत खुर्ची आणून ठेविली व चहा दिला. त्या नोंदवहीचा त्यांनीं उल्लेखहि केला नाहीं. दुसऱ्या मुलासाठीं आम्हीं नवा कागद नेला होता, या वेळीं प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून. त्यानें जुनी नोंद काढून टाकून नवा कोड फोनास दाखविला, आणि मित्राला गॅलरींतूनच हांक मारली. आम्हीं शाळेंत दूरध्वनि करून विचारलें. संगणकापुढें बसलेल्या शिक्षकांनीं वाचून दाखविलें: १०.२०.०.७ आणि १०.२०.०.४१, दोन ओळी, दोन्ही स्थिर.